नोकरीवरून काढलं, आता मदत कुणाची? कामगार आयुक्तालय, मोफत वकील, युनियन आणि खासगी वकील यांचा आढावा

महाराष्ट्रात नोकरीवरून काढलेल्या, पगार अडवलेल्या किंवा राजीनामा लिहून घेतलेल्या माणसाला मदत मागायला चार ठिकाणं आहेत: कामगार आयुक्तालय, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील, युनियन आणि खासगी वकील. चौघांचं काम वेगळं आहे. बहुतेकांचं नुकसान हक्क नसल्यामुळे होत नाही, चुकीच्या ठिकाणी महिने गेल्यामुळे आणि त्यात मुदत संपल्यामुळे होतं. म्हणून इथे प्रत्येक सेवा काय देते, काय देऊ शकत नाही आणि तिथे कोणती कागदपत्रं घेऊन जायचं, हे सांगितलं आहे.

आधी एक तपासणी. औद्योगिक वादाचा कायदा ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच लागतो आणि ती व्याख्या पदनामावर नाही, प्रत्यक्ष कामावर चालते. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं असेल, पण दिवसभर बिलं बनवणं हेच काम असेल, हाताखाली कुणी नसेल, कुणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नसेल, तर तो माणूस कारकुनी काम करणारा कामगारच ठरतो. तांत्रिक आणि कारकुनी कामाला पगाराची मर्यादा नाही. पर्यवेक्षकाला मात्र आहे: जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिना १०,००० रुपये होती, २१ नोव्हेंबर २०२५पासून तिच्या जागी लागू झालेल्या २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० रुपये आहे. खरं व्यवस्थापकीय काम करणारा पगार कितीही कमी असला तरी बाहेर राहतो. त्याला दिवाणी न्यायालयात करारावर दावा करावा लागतो आणि तिथे खासगी नोकरी परत मिळवून देणारा आदेश मिळत नाही. हाती येतो तो बहुतांशी नोटीस कालावधीचा पगार आणि थकबाकी. आयटीतल्या लोकांनी ही तपासणी नीट करावी. ‘आम्हाला कामगार कायदा लागू नाही’ असं मनुष्यबळ विभाग सरसकट सांगतो, पण केवळ कोड लिहिणाऱ्या, टेस्टिंग करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते पटवून देणं कंपनीला वाटतं तितकं सोपं नाही.

खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्यांची वाट पूर्ण वेगळी आहे. शिक्षक हा औद्योगिक कायद्याचा कामगार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये गोव्याच्याच एका प्रकरणात ठरवलं. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९७७चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. अपिलाची मुदत फक्त ३० दिवस. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्जांमागून अर्ज देण्यात हा महिना निघून जातो, ही नेहमीची शोकांतिका आहे. अर्ज द्यायचा तर द्या, पण अपील त्याच्यासाठी थांबवू नका.

कामगार आयुक्तालय: फुकट, उपयोगी, पण न्यायालय नव्हे

या सेवेबद्दल ‘तिथे काही होत नाही’ असं जितकं ऐकू येतं तितकी ती निरुपयोगी नाही. लोक तिथे निकाल मागायला जातात आणि ती निकाल देणारी जागा नाही. सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्त तुमच्या वादात समेट अधिकारी म्हणून बसतो. दोन्ही बाजूंना बोलावणं, तडजोड घडवणं आणि न जमल्यास तसा अहवाल देणं, एवढंच त्याचं काम. ‘याला कामावर घ्या’ असा आदेश तो देऊ शकत नाही.

कुठल्या कार्यालयात जायचं हे मालकाच्या धंद्यावरून ठरतं. कारखाने, हॉटेलं, रुग्णालयं, दुकानं, आयटी कंपन्या यांच्यासाठी राज्याचं कार्यालय. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, जिल्ह्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी. रेल्वे, बँका, विमा, मोठी बंदरं, खाणी यांच्यासाठी केंद्राचे कामगार आयुक्त. मुंबईत त्यांचं कार्यालय शीवच्या श्रम रक्षा भवनात आहे आणि तक्रार ‘समाधान’ पोर्टलवरही घेतली जाते. बँकेतल्या माणसाने राज्याच्या कार्यालयात दिलेला अर्ज पडून राहतो, म्हणून हे आधी पाहावं.

अर्जाआधी मालकाला मागणीपत्र द्या. एक पान पुरे: नाव, पद, रुजू होण्याची तारीख, शेवटचा पगार, काढल्याची तारीख, सांगितलेलं कारण, आणि मागणी. मागणी ‘मागील पगारासह व सेवेच्या सलगतेसह पुन्हा कामावर घ्यावे’ अशीच असावी. ‘माझा हिशोब द्या’ एवढंच लिहिलंत की नोकरी तुम्हालाच नको होती, हा युक्तिवाद मालकाच्या हाती आयता पडतो. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा आणि तेच ईमेलनेही. सात दिवसांत उत्तर न आल्यास समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. अर्जाचे तीन संच करा: एक कार्यालयाला, एक मालकासाठी, तिसऱ्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन तो स्वतःकडे.

अर्ज सर्वात जास्त अडतात ते मालकाच्या नावावर. फाटकावर एका कंपनीची पाटी, पगार दुसरीच्या खात्यातून, पीएफ तिसऱ्या ठेकेदाराच्या नावाने. फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक या तिन्हींवरची नावं शेजारी ठेवून पाहा आणि जी जी आस्थापना दिसेल तिला पक्षकार करा. ठेकेदाराकडून असाल तर ठेकेदार आणि मूळ मालक दोघंही. ठेकेदाराने थकवलेल्या वेतनाची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते.

बैठकीत मालकाचं ठरलेलं उत्तर येतं: ‘आम्ही काढलंच नाही, हाच येत नाही.’ इथे वाद घालत बसू नये. त्याच बैठकीत लेखी द्यावं की मी उद्या सकाळी पाळीच्या वेळेला हजर होतो, आणि अधिकाऱ्याला ते नोंदीत घ्यायला सांगावं. दुसऱ्या दिवशी खरोखर जावं, रुजू होण्याचं पत्र हातात असावं. फाटकावर अडवलं तर त्याच तासाला ईमेल: अमुक वाजता आलो, सुरक्षारक्षकाने आत सोडलं नाही. पुढे न्यायालयात या एका ईमेलचं वजन दहा साक्षींपेक्षा जास्त भरतं.

समेटाच्या बैठकीत वकिलाला उभं राहता येत नाही. कायदाच तसा आहे. त्यामुळे ‘लेबर ऑफिसला मी हजर राहीन’ म्हणून कुणी फी मागत असेल तर ती देऊ नका. मागणीपत्र आणि अर्ज वकिलाकडून लिहून घेणं मात्र पैसे वसूल करून देणारं काम आहे. युनियनचा पदाधिकारी बैठकीत बोलू शकतो.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत समेटाला ४५ दिवसांची मर्यादा आहे. समेट फसल्याचा अहवाल हाती आला की त्या तारखेपासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही, ही खरंच चांगली सुधारणा आहे. म्हणून अहवाल कधी मिळाला ती तारीख शिक्क्यासह जपा. या सेवेचा मोठा दोष म्हणजे पाठपुरावा सगळा तुमच्या अंगावर पडतो. मालक गैरहजर, पुढची तारीख, पुन्हा गैरहजर. दोन तारखा अशा गेल्या की ‘समेट शक्य नाही, अहवाल द्यावा’ असं लेखी मागा. तोंडी सांगून फाइल हलत नाही.

पैशाचा दावा वेगळा ठेवा

नोकरी परत मागणं आणि अडकलेले पैसे मागणं हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि ते एकत्र बांधले की दोन्ही रखडतात. वेतन संहितेनुसार काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. ‘फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात’ हे कंपनीचं धोरण असेल, कायदा नव्हे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, वेतन दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे आणि थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार हा दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. पगाराच्या बाबतीत कर्मचारी कामगार आहे की व्यवस्थापक हा प्रश्नही येत नाही, ही संहिता दोघांनाही लागू आहे.

मदत मागायला जाण्याआधी आपला आकडा स्वतः काढा. समजा शेवटचं वेतन २४,००० रुपये, नोकरी ७ वर्षं ८ महिने आणि काढलं ते कामगार कपात म्हणून. सहा महिन्यांहून जास्तीचा भाग पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे ८ वर्षं. ग्रॅच्युइटी २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, म्हणजे १,१०,७६९ रुपये. कपातीची भरपाई वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाने ९६,००० रुपये. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर २४,००० रुपये. शिवाय शिल्लक रजेचे पैसे, आणि संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम. ग्रॅच्युइटीचा भागाकार २६ने होतो, ३०ने नाही. हिशोबाच्या कागदावर ही चूक वारंवार सापडते आणि ती नेहमी मालकाच्याच फायद्याची असते.

ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. मुदतीच्या करारावर असणाऱ्याला सामाजिक सुरक्षा संहितेनुसार पाच वर्षं पूर्ण करण्याची अट नाही, एक वर्ष पुरतं. पीएफ कापून भरलाच नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पासबुकाची प्रत आणि कपात दाखवणारी पगारपत्रकं जोडून तक्रार करा. त्यासाठी वकील लागत नाही.

मोफत वकील: ज्याची माहिती सगळ्यात कमी पोचली आहे

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२मध्ये ‘औद्योगिक कामगार’ ही स्वतंत्र पात्रता आहे. उत्पन्नाची अट त्याला नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट लागत नाही. तरीही ‘माझा पगार बरा आहे, मला मोफत वकील कुठून मिळणार’ म्हणून कित्येक जण तिकडे फिरकतच नाहीत. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तालुक्यात तालुका समितीकडे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००, आणि अर्ज ऑनलाइनही होतो. वकिलाच्या फीबरोबर न्यायालयीन खर्च, नकला आणि कागदपत्रांचं भाषांतरही यात येतं.

त्रुटीही सांगायला हवी. पॅनेलवरचे बरेच वकील फौजदारी आणि कौटुंबिक कामातले असतात. कामगार कायदा ही वेगळी वाट आहे. म्हणून अर्जातच लिहा: ‘कामगार न्यायालयात नियमित काम करणारा वकील द्यावा.’ वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो, तो अर्ज सचिवांच्या नावे लेखी द्यावा. पॅनेलच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. झेरॉक्स किंवा टायपिंगच्या नावाखालीही मागणी झाली तर प्राधिकरणाला कळवावं.

खासगी वकील कसा पारखायचा

चांगल्या कामगार वकिलाची ओळख पहिल्या दहा मिनिटांत पटते. तो सहानुभूतीआधी तारखा विचारतो: रुजू कधी, काढलं कधी, मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस काम, वर्षभर सलग नोकरी धरायला लागणारे २४० भरतात का. मग विचारतो, ‘काम नेमकं काय करत होता?’ हे न विचारता जो थेट नोटीस पाठवायला निघतो, त्याच्याकडे ही केस देऊ नका.

सध्या त्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: कुठल्या कायद्याखाली जायचं, आणि का? २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात बडतर्फीविरुद्ध जायला तीन वर्षं होती, नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं. म्हणून काढल्याची तारीख त्या दिवसाच्या आधीची की नंतरची, हे पहिल्या वाक्यात सांगा. महाराष्ट्रातले वकील आजवर राज्याच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याला पसंती देत आले, कारण त्यात समेटाची पायरी न चढता थेट न्यायालयात जाता येतं आणि अंतरिम आदेश मागता येतो. पण त्याची मुदत अवघी ९० दिवसांची, आणि दरम्यान लेबर ऑफिसच्या फेऱ्या मारल्या म्हणून ती आपोआप वाढत नाही. या मार्गांपैकी तुमच्यासाठी कोणता आणि दुसरा का नको, हे साध्या मराठीत समजावून न सांगणारा वकील न्यायाधीशांनाही ते सांगू शकणार नाही.

फीबद्दल: ‘आता काही देऊ नका, जी रक्कम मिळेल तिच्यातले वीस टक्के’ हा प्रस्ताव बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. टप्प्यांप्रमाणे फी लिहून घ्या: मागणीपत्र, दाव्याची कैफियत, पुरावा व उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद. उच्च न्यायालयाचं काम वेगळं धरा. कामगाराच्या बाजूने निवाडा लागला की मालक बहुधा उच्च न्यायालयात रिट अर्ज घेऊन जातो, तो खर्च सुरुवातीलाच डोळ्यासमोर हवा. त्या काळात पुन्हा कामावर घेण्याचा आदेश थांबवला असेल तर शेवटचं वेतन मागण्याची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-बमध्ये होती, नव्या संहितेतही ती आहे. वकिलाला ती माहीत आहे का, तेही विचारा.

कैफियतीत दोन वाक्यं नसतील तर ती परत लिहून घ्यावी. एक, मी सलग अमुक काळ काम केलं. दोन, काढल्यानंतर मला दुसरं फायद्याचं काम मिळालेलं नाही. २०१३मध्ये दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कर्मचाऱ्याने हे म्हटलं की ते खोटं पाडण्याचा भार मालकावर जातो. म्हटलंच नाही तर मागील पगार कापला जातो. मधल्या काळात छोटंमोठं काम केलं असेल तर ते लपवू नये. पीएफच्या नोंदीतून ते बाहेर येतंच.

व्हॉट्सअॅप आणि ईमेल पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, येतो. नुसते स्क्रीनशॉट छापून दिले की विरुद्ध वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. आणि पुराव्यासाठी कंपनीच्या ग्राहकांचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्यावरून नवं आरोपपत्र येतं. आपली नेमणूक, पगार, हजेरी, कामाच्या सूचना आणि काढल्याचा संवाद एवढंच पुरतं.

युनियन, आणि आरोपपत्र हातात पडल्यावर

मदत घेण्याची सर्वात योग्य वेळ काढल्यानंतरची नाही, आरोपपत्र मिळाल्या दिवसाची आहे. खात्यांतर्गत चौकशी बिनसली तर पुढची सगळी वर्षं ती बिनसलेलीच नोंद घेऊन लढावं लागतं. इथे अनुभवी युनियन प्रतिनिधी खासगी वकिलापेक्षा सरस ठरतो, कारण चौकशीत बहुधा बाहेरचा वकील चालत नाही, सहकारी किंवा युनियनचा माणूस बचाव प्रतिनिधी म्हणून चालतो. पहिल्याच बैठकीत साक्षीदारांची यादी आणि कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा. प्रत्येक दिवसाच्या कामकाजाची प्रत घ्या, मराठीत हवी असेल तर तसं नोंदवा. चौकशीवर बहिष्कार टाकू नका, ती एकतर्फी पूर्ण होते. निलंबन असेल तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कर्मचाऱ्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळायला हवा. न मिळाल्यास चौकशीतच तशी नोंद करा.

लैंगिक छळाची तक्रार मात्र यांपैकी कुठेही आधी नेऊ नये. ती तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

तडजोड करण्यात कमीपणा नाही, बहुतेक वाद तिथेच संपतात आणि लोकअदालतीत ते लवकर संपतात. फक्त लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी मसुद्यात रक्कम अंकी आणि अक्षरी, ग्रॅच्युइटी व पीएफ त्यात धरलेत की वेगळे, टीडीएस कापून की न कापता, धनादेश की खात्यात, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे असायला हवं. अनुभव प्रमाणपत्राचा मजकूर जोडपत्र म्हणून लावून घ्या. हिशोबाचा धनादेश घ्यायचाय पण वाद सोडायचा नाही, तर पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून मग सही करा आणि तिचा फोटो तिथेच काढा.